जुनी शिडाची कॅटमरान घ्यायची आहे, योग्य किंमत कशी ठरवायची?

खाडीवारा

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं मेरीलँडला चेसापीक बेच्या काठी राहतो. इतकी वर्षं क्लबच्या मोनोहलवर, म्हणजे एका धडाच्या (हलच्या) बोटीवर, शिडं सांभाळली, आता स्वतःची दोन हलची कॅटमरान घ्यायचं ठरवलंय. कारणं दोन. चेसापीक उथळ आहे, सहा फूट खोल किलची (तळाखालच्या जड पात्याची) बोट घेऊन तिथल्या चांगल्या चांगल्या खाड्यांमध्ये शिरताच येत नाही. आणि सासूबाई आता आमच्याकडेच असतात. त्यांना पाण्याची मनापासून आवड आहे, पण वाऱ्यानं तिरकी झालेली बोट त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही. कॅटमरान सपाट चालते.

खूप बघून झाल्यावर लगून ३८० या मॉडेलवर आलो आहोत. लांबी ११.५५ मीटर, रुंदी ६.५३ मीटर, पाण्याखाली फक्त १.१५ मीटर. फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलला २००८ ची एक आहे. तीन केबिनची, म्हणजे ओनर व्हर्जन. दोन्हीकडे यानमारची २९ हॉर्सपॉवरची इंजिनं, एकाचे तास २,९०० आणि दुसऱ्याचे ३,३५०. जाहिरातीत लिथियम बॅटऱ्या, सोलर, वॉटरमेकर (खाऱ्याचं गोडं पाणी करणारं यंत्र), नवा चार्टप्लॉटर (सागरी नकाशा दाखवणारा पडदा) अशी लांबलचक यादी आहे. मागताहेत १,८९,००० डॉलर.

अडचण अशी की याच मॉडेलच्या, दोन-तीन वर्षं पुढच्या-मागच्या बोटी दीड लाखापासून सव्वादोन लाखांपर्यंत दिसतात. त्यात १,८९,००० म्हणजे स्वस्त, महाग की रास्त, हे कशावरून ठरवायचं? इथे बोटी असलेले बरेच जण आहेत, नीट सांगा.

सुकाणू

ताई, पहिली गोष्ट म्हणजे त्या जाहिरातींतले आकडे बाजूला ठेवा. ती मालकाची इच्छा आहे. पुण्या-मुंबईत फ्लॅट घेताना आपण पोर्टलवरचा भाव बघतो, पण खरा व्यवहार कितीला झाला ते इंडेक्स टू काढल्यावरच कळतं. इथेही तसंच आहे. विकल्या गेलेल्या बोटींचे आकडे ब्रोकर लोकांच्या डेटाबेसमध्ये असतात, त्याला सोल्डबोट्स म्हणतात. तुम्हा-आम्हाला तो उघडता येत नाही. पण तुमचा स्वतःचा ब्रोकर असेल तर तो काढून देतो. अमेरिकेत कमिशन साधारण १० टक्के असतं, ते विकणाऱ्याच्या रकमेतून जातं आणि दोन्ही बाजूंचे ब्रोकर वाटून घेतात. त्यामुळे आपला वेगळा ब्रोकर ठेवण्याचे तुम्हाला जास्तीचे पैसे पडत नाहीत. विकणाऱ्याच्याच ब्रोकरवर भिस्त ठेवून हा व्यवहार करू नका.

त्याला तीन गोष्टी विचारा. गेल्या दीड वर्षात ३८० किती विकल्या, कितीला विकल्या, आणि प्रत्येकीची पहिली मागणी किती होती. २०२१ चे आकडे आणून दाखवले तर घेऊ नका. कोविडमध्ये सगळं जग बोट घ्यायला धावलं, माल नव्हता आणि भाव चढले. २०२३ पासून विकायला आलेल्या बोटी वाढल्या आणि भाव बसले. बाजार अजून त्याच बाजूला आहे.

शिवाय ही बोट किती दिवस जाहिरातीत आहे आणि मागणी आतापर्यंत किती वेळा कमी केली, तेही विचारा.

हिशेबी

सुकाणूंशी सहमत. माझी पद्धत सरळ आहे. विकल्या गेलेल्या बोटींची सरासरी काढायची. त्यातून पुढच्या दोन वर्षांत जो खर्च येणार तो पूर्ण वजा करायचा. उरेल ती किंमत.

२००८ च्या बोटीवर मूळचंच रिगिंग (डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा) असेल तर ते बदलावंच लागेल, कारण बहुतेक विमा कंपन्या दहा-बारा वर्षांनंतर उभी तारकामं बदलायला सांगतात. या आकाराच्या कॅटमरानला मजुरीसकट पंधरा हजार धरा. मेनसेल (मुख्य शीड) आणि जेनोआ (पुढचं शीड) मिळून दहा हजार. सेलड्राइव्हचे (इंजिनाची ताकद तळातून प्रॉपेलरला देणारा भाग) डायफ्राम दोन हजार. बाकी किरकोळ पाच. म्हणजे तीस हजारांच्या वर आत्ताच वजा.

एक सूचना. बँक किंवा विमावाले बीयूसी गाइड या जुन्या बोटींच्या किमतींच्या पुस्तकातला आकडा सांगतील. कर्ज किती द्यायचं ते ठरवायला तो ठीक आहे. पण एकाच मॉडेलच्या दोन बोटींत आत-बाहेर काय फरक आहे, ते त्या पुस्तकाला दिसत नाही.

डोलकाठी

मी ॲनापोलिसजवळ बोटयार्डात रिगिंगचं काम करतो, त्यामुळे या विषयावर थोडं लांबण लावतो.

कॅटमरानची किंमत चार ठिकाणी लपलेली असते. रिगिंग, इंजिन आणि सेलड्राइव्ह, डेकच्या आतला कोअर, आणि डोलकाठीखालचा सांगाडा. गाद्या, फ्रिज, टीव्ही, चार्टप्लॉटर यांनी फोटो छान येतात. भाव या चारांनीच ठरतो.

रिगिंगपासून सुरू करू. मोनोहल जोरात वारा आला की झुकते आणि ताण सोडून देते. कॅटमरान झुकत नाही, तो सगळा ताण तारांवर आणि त्या बोटीला जिथे जोडतात त्या चेनप्लेटवर येतो. मागे बॅकस्टे (मागची तार) नसतो, श्राउडच (बाजूच्या तारा) मागे ओढून घेतलेले असतात. त्यामुळे पंधरा-सतरा वर्षांची मूळ तार दिसायला चकचकीत असली तरी मी तिच्यावर भरवसा ठेवत नाही. भिंग घेऊन खालच्या स्वेजच्या (तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या फिटिंगच्या) तोंडाशी बघा. तार जिथे फिटिंगमध्ये शिरते तिथे उभी बारीक चीर किंवा तपकिरी डाग दिसला तर ते फिटिंग गेलं. जुनं फडकं तारेवरून वरखाली फिरवा, एखादी तुटकी लड असेल तर फडकं अडकतं. हे करताना हातमोजे घाला, बोट उघडं ठेवलंत तर रक्त निघतं.

मग कोअर. या वर्गातल्या बऱ्याच बोटींचा डेक दोन फायबरग्लासच्या थरांमध्ये बाल्सा लाकूड घालून केलेला असतो. बाल्सा हलकं आणि ताठ, पण पाणी शिरलं की कुजतं. आणि पाणी शिरतं ते स्टँचनच्या (कठड्याच्या खांबांच्या) बुडातून, विंचच्या (दोर ओढायच्या चरखीच्या) बोल्टांतून, खिडकीच्या चौकटीतून. सर्व्हेयर, म्हणजे बोट तपासणारा तज्ज्ञ, छोट्या हातोडीनं डेक ठोकत जातो तेव्हा त्याच्या शेजारी बसा. चांगल्या जागी टणक, बारीक आवाज येतो. कोअर सुटलेला असेल तिथे तोच आवाज एकदम बसका, भद्द येतो. हा बदल कानाला इतका स्पष्ट कळतो की नवख्यालाही चुकत नाही. तिथे मॉइश्चर मीटर लावायचा, आणि मालक तयार असेल तर एक स्क्रू काढून बघायचा. भोकातून चहासारखं पाणी आलं की दुरुस्ती हजारांत जाते.

सांगाडा. डोलकाठी या बोटीत सलूनच्या (मधल्या बैठकीच्या खोलीच्या) छपरावर उभी असते. तिचा दाब खालच्या बल्कहेडवर (बोटीतल्या आडव्या भिंतीवर) येतो. हलच्या आतले दरवाजे उघडझाप करून बघा. एखादा दरवाजा चौकटीला घासत असेल, बल्कहेड जिथे हलला फायबरनं जोडलंय ती पट्टी सुटलेली असेल, रंगाला तडा असेल, तर थांबा. मोठ्या काही कॅटमरानमध्ये याच भागाचं प्रचंड महागडं काम निघालेलं आहे.

इंजिनाला सुरू करण्याआधी हात लावा. गरम लागलं तर कुणीतरी आधीच चालवून ठेवलंय, आणि थंड इंजिन कसं सुरू होतं हे तुम्हाला बघू द्यायचं नाहीये. तासांना घाबरू नका. तीन हजार तासांचं, वेळच्या वेळी तेल बदललेलं डिझेल इंजिन मला बाराशे तासांच्या उभ्या राहून गंजलेल्या इंजिनापेक्षा जास्त आवडतं. सी ट्रायलला, म्हणजे बोट पाण्यात चालवून बघताना, फुल थ्रॉटल (इंजिनाला पूर्ण जोर) द्या. हे इंजिन ३,६०० आरपीएमपर्यंत जायला हवं. नाही गेलं तर प्रॉपेलर घाण आहे, चुकीचा आहे किंवा इंजिनात दम नाही, आणि यांतलं कुठलं ते विकणाऱ्यानं सिद्ध करायचं. सेलड्राइव्हचं तेल दुधाळ असेल तर सीलमधून खारं पाणी आत जातंय. डायफ्राम म्हणजे हलला पडलेलं मोठं भोक बंद ठेवणारं रबर. व्होल्वो आपल्या सेलड्राइव्हसाठी ते सात वर्षांनी बदलायला सांगते. शेवटचं कधी बदललं याची पावती मागा. पावती नसेल तर बदललेलं नाही असं धरा.

रानभूल

प्रश्न थोडा बाजूचा आहे. ही बोट तिकडे स्वस्तात घेऊन भारतात आणली तर? आपल्याकडे कॅटमरान म्हणजे गेटवे-मांडव्याची प्रवासी बोटच लोकांना माहीत. शिडाची कुणाकडे दिसत नाही.

सुकाणू

रानभूल, तो हिशेब जमत नाही. आयात शुल्क लागतं, आणि सप्टेंबर २०२५ पासून हौसेच्या नौकांवर जीएसटीच ४० टक्के आहे. शिवाय साडेसहा मीटर रुंद बोट नीट बांधायची कुठे? कोचीला बोलगट्टीची मरीना आहे, आपल्या किनाऱ्यावर त्या तोडीचं काही नाही. आणि नंतर विकायची म्हटलं तर गिऱ्हाईक कोण? जिथे दहा खरेदीदार आहेत तिथेच बोटीला भाव असतो. किंमत काढताना हा मुद्दा ताईंनाही लागू होतो. तीच बोट कॅरिबियनमधल्या ग्रेनाडात असती तर स्वस्त दिसली असती, पण ती चेसापीकला आणायला कॅप्टनचा रोजचा मेहनताना, विमानाची तिकिटं, डिझेल आणि जेवणखाण धरलं की फरक संपतो. फोर्ट लॉडरडेल त्या मानानं सोपं. इंट्राकोस्टल वॉटरवेनं पूल ओलांडत चेसापीकच्या तोंडाशी असलेल्या नॉरफोकपर्यंत आतल्या पाण्यातून येता येतं.

खाडीवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. आमचा ब्रोकर ठरला आणि त्यानं आकडे काढून दिले. गेल्या वर्ष-दीड वर्षात आमच्या बोटीच्या आसपासच्या या तीन विकल्या गेल्या:

२००७, चार केबिनची, आधी चार्टरमध्ये (भाड्यानं द्यायला) होती : १,४१,०००
२००८, तीन केबिन, मूळ रिगिंग : १,५२,०००
२००९, तीन केबिन, रिगिंग नवं : १,६९,०००

आमची बोट सात महिने जाहिरातीत आहे. सुरुवात २,०५,००० पासून, मग १,८९,०००, आणि गेल्याच आठवड्यात १,७४,९००. रिगिंग मूळचंच आहे, मालकानं लपवलं नाही.

हिशेबींच्या पद्धतीनं काढलं तर सरासरी १,५४,०००, त्यातून तीस हजार गेले की १,२४,०००. इतकी कमी ऑफर दिली तर समोरचा बोलणंच बंद करेल असं वाटतं.

बारवे_बंदर

बंद करेल, आणि त्याचं बरोबर असेल. हिशेबी, तुमच्या पद्धतीत एकच खर्च दोनदा वजा होतोय. १,५२,००० ला जी गेली तिचंही रिगिंग मूळचंच होतं. घेणाऱ्यानं ते गृहीत धरूनच तेवढे दिले. जुन्या रिगिंगची वजावट त्या आकड्यात आधीच झालेली आहे. परत पंधरा हजार कापणं म्हणजे विकणाऱ्याकडून जुन्या बोटीच्या भावात नवी बोट मागणं.

सरासरी काढूच नये. प्रत्येक विकलेली बोट आपल्या बोटीशेजारी ठेवायची आणि फक्त फरकाचे पैसे मांडायचे. २००९ वाली १,६९,००० ला गेली. रिगिंग नवं होतं, त्याचे पंधरा कमी करा, १,५४,००० झाले. वर्षाचा फरक या वयात नगण्य. २००८ वाली १,५२,००० ला गेली, अवस्था सारखीच. दोन वेगळ्या बाजूंनी येऊन आपण एकाच जागी पोचलो. असं झालं की त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा. चार्टरवाली चार केबिनची यात धरू नका. अमेरिकेत स्वतः वापरणाऱ्याला तीन केबिन हव्या असतात, तिचा खरेदीदारच वेगळा.

म्हणजे सर्व्हेत काही वेगळं निघत नाही तोवर या बोटीची रास्त किंमत १,५२,००० ते १,५५,००० आहे. १,७४,९०० नाही, आणि १,२४,००० तर नाहीच.

हिशेबी

बारवे_बंदर, मुद्दा पटला. पण शिडं? मूळ असतील तर?

बारवे_बंदर

त्या दोन बोटींची शिडं कशी होती ते ब्रोकरला विचारावं लागेल. जुन्या जाहिरातींचे फोटो आणि यादी त्यांच्याकडे राहते. फरक असेल तर फरकाचेच धरायचे. सतरा वर्षांच्या बोटीत सतरा वर्षांची झीज अपेक्षितच आहे. वयाच्या मानानं जास्त झीज असेल तर कमी, कमी झीज असेल तर जास्त. बस.

चांदणवेल

त्या लिथियम-वॉटरमेकरच्या यादीबद्दल कुणीच बोललं नाही. आमच्या बोटीचा अनुभव सांगते. मालकानं चाळीस हजारांच्या वस्तू बसवल्या म्हणून बोट चाळीस हजारांनी महाग होत नाही. निम्मेही मिळाले तर खूप. सोलर आणि चांगल्या बॅटऱ्यांचे थोडे पैसे द्यावेत, कारण ते रोज वापरात येतं. वॉटरमेकर चेसापीकमध्ये तुम्हाला लागणारच नाही. तिथलं पाणी गढूळ, फिल्टर सारखे भरतात, आणि वापरलं नाही तर मेम्ब्रेन खराब होतं. तुमच्यासाठी त्याची किंमत शून्य आहे. मालक त्याचे पैसे मागेल, तुम्ही देऊ नका.

लिथियम कुणी बसवलं ते नक्की विचारा. मालकानं घरच्या घरी जोडलं असेल तर विमा कंपनी अडून बसते. व्यावसायिकाचं बिल असेल तर ती बाजू भक्कम.

आणि वजन! कॅटमरानवर जागा खूप दिसते म्हणून लोक सामान भरत जातात. दोन्ही हल पाण्यात बसतात, ब्रिजडेक (दोन हलांना जोडणारा मधला भाग) लाटांच्या जवळ येतो आणि खालून धडाधड आपटतं. जनरेटर, एसी, डायव्हिंगचे सिलिंडर हे सगळं भरलेल्या बोटीपेक्षा साधी, हलकी बोट नेहमी जास्त मोलाची. पाण्याच्या रेषेवरचा रंग बघा. अँटीफाउलिंग (तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावतात तो रंग) वर चढवत नेलं असेल तर बोट जड झालेली आहे.

डोलकाठी

चांदणवेल यांचं शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे.

एक राहिलं होतं. बोट सप्टेंबर २०१७ मध्ये आणि सप्टेंबर २०१९ मध्ये कुठे होती ते लेखी विचारा. २०१७ ला इर्मानं ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स उद्ध्वस्त केली. टॉर्टोलाच्या पाराकीटा बेमध्ये सुरक्षित म्हणून बांधलेल्या चार्टर कॅटमरान एकमेकींवर उलथून पडल्या होत्या. २०१९ ला डोरियननं बहामातलं अबाको झोडपलं, मार्श हार्बरही चार्टरचा तळ होता. त्यांतल्या बऱ्याच बोटी विमा कंपन्यांनी मोडीत काढल्या, पुढे कुणी ना कुणी दुरुस्त करून विकल्या. दुरुस्ती उत्तम असू शकते. पण तसा इतिहास असलेल्या बोटीला बाकीच्यांचा भाव लागत नाही, आणि पुढे तुम्ही विकाल तेव्हाही लागणार नाही. फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर असेल तर २०२२ च्या इयानचंही विचारा.

पाटीलकी

चार्टर बोटींवर सगळे नाक मुरडतात म्हणून दोन शब्द. मी चार्टरमधून निघालेलीच घेतली, लेपर्ड. केपटाऊनच्या रॉबर्टसन अँड केन यार्डात बनते, मूरिंग्ज आणि सनसेल या चार्टर कंपन्यांच्या ताफ्यांत जाते आणि साधारण पाच वर्षांनी बाहेर पडते. इंजिनाचे तास हजारोंनी असतात, गादीचं कापड फाटलेलं असतं, जेलकोटवर (बाहेरच्या चकचकीत थरावर) ओरखडे असतात. पण नोंदी असतात. तेल कधी बदललं, कुठला पंप कधी गेला, सगळं वहीत. एकाच वर्षी एकाच ताफ्यातल्या बऱ्याच बोटी विकायला येतात, त्यामुळे घासाघीस करायला वाव असतो. शिवाय बोट सोडताना कंपनी ठरलेली दुरुस्ती करून देते, त्या यादीवर भांडता येतं. बजेट आखडतं असेल तर हा मार्ग उत्तम आहे. फक्त ओनर व्हर्जनच्या विक्रीचे आकडे घेऊन चार्टर बोटीचा भाव ठरवू नये, आणि उलटही नको.

खाडीवारा

ताजी खबर. बोट २०११ पासून फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावरच आहे, वादळाच्या विम्याचा एकही दावा नाही, ब्रोकरनं लेखी दिलं. आम्ही १,४८,००० ची ऑफर दिली, सोबत तीन विकलेल्या बोटींचा कागद जोडला. मालकानं १,६२,००० म्हटलं. शेवटी १,५६,००० वर जमलं. १० टक्के रक्कम ब्रोकरच्या एस्क्रोमध्ये (व्यवहार पुरा होईपर्यंतच्या ठेव खात्यात) ठेवली. करार सर्व्हे आणि सी ट्रायलच्या अटीवर आहे.

आता सर्व्हेयर कसा निवडू? विकणाऱ्याच्या ब्रोकरनं तीन नावं दिली आहेत.

सुकाणू

त्या तिघांपैकी कुणीही नको. हा माणूस फक्त तुमचा असला पाहिजे. बोट घेतलेल्या लोकांकडून नाव मिळवा, आणि ज्यानं कॅटमरान बऱ्याच तपासल्यात असाच घ्या. फी फुटामागे पंचवीस-तीस डॉलरच्या आसपास. हॉलआउटचे (बोट पाण्याबाहेर काढण्याचे) पैसेही तुमचेच. साडेसहा मीटर रुंद बोट उचलणारी ट्रॅव्हल लिफ्ट प्रत्येक यार्डात नसते, ते आधी फोन करून विचारा. इंजिनासाठी वेगळा मेकॅनिक आणि रिगिंगसाठी वेगळा माणूस बोलवा. साधा सर्व्हेयर डोलकाठीवर चढत नाही.

त्याच्या अहवालाच्या शेवटी बाजारभाव म्हणून एक आकडा येईल. तो तुमच्या कराराच्या आकड्याच्या आसपासच येतो, कारण बँकेला आणि विमा कंपनीला तेच हवं असतं. त्यावरून किंमत बरोबर ठरली असं समजू नका. तुम्हाला अहवालातली दोषांची यादी हवी आहे.

खाडीवारा

सर्व्हे झाला. मी दिवसभर सर्व्हेयरच्या मागे मागे होते. डोलकाठी यांनी सांगितलेला तो भद्द आवाज ऐकला. डाव्या बाजूच्या चेनप्लेटच्या पुढे, हाताच्या दोन पंजांएवढ्या जागेत. मीटरही तिथेच चढला. बाकी डेक कोरडा. डाव्या सेलड्राइव्हचं तेल दुधाळ निघालं, उजव्याचं स्वच्छ. डायफ्राम २०१९ ला बदलल्याच्या पावत्या आहेत. दोन्ही इंजिनं थंड असतानाच सुरू झाली आणि ३,६०० ला थोडी कमी पडली, पण प्रॉपेलरवर शिंपल्यांचा थर होता. बल्कहेड, दरवाजे व्यवस्थित. रिगर म्हणाला की तारा बदला, लगेच धोका नाही, पण हा सीझन संपायच्या आत.

आता यांतलं काय मागायचं आणि काय सोडायचं?

बारवे_बंदर

रिगिंगचं मागू नका. ते आधीच ठरलेल्या भावात आहे, आणि तुम्हाला माहीत असतानाच ऑफर दिली होती. ओला कोअर आणि दुधाळ तेल हे दोन मागा. ते जाहिरातीत नव्हतं आणि तुमच्या हिशेबातही नव्हतं. दोन यार्डांकडून लेखी अंदाज घ्या. तोंडी आकड्यावर कुणी किंमत कमी करत नाही, छापील कोटेशनवर करतात.

डोलकाठी

कोअरचं काम करताना चेनप्लेट काढावी लागेल का, हे यार्डाला स्पष्ट विचारा. काढावी लागली तर श्राउड सैल करावे लागतील. मग रिगिंगचं काम त्याच वेळी करून घ्या, एक मजुरी वाचते. आणि प्रॉपेलर साफ करून पुन्हा फुल थ्रॉटल द्यायला लावा. शिंपल्यांचं कारण मानून तसंच पुढे जाऊ नका.

खाडीवारा

दोन कोटेशन आली, कोअर आणि सेलड्राइव्हचा सील मिळून ८,२०० आणि ९,६००. आम्ही कराराची किंमत ८,५०० नं कमी करून मागितली. मालकाचा ब्रोकर आधी म्हणाला की दुरुस्ती आम्हीच करून देऊ. आमच्या ब्रोकरनं नकार दिला. प्रॉपेलर पाणबुड्याकडून साफ करून घेतल्यावर दोन्ही इंजिनं ३,६०० च्या वर गेली. शेवटी मालकानं मान्य केलं, १,४७,५००.

सुकाणू

अभिनंदन ताई! दुरुस्ती विकणाऱ्याच्या हातात न देणं फार बरोबर केलंत. विकून मोकळं होणारा माणूस सर्वात स्वस्त कारागीर शोधतो.

पैसे सोडण्याआधी ॲब्स्ट्रॅक्ट ऑफ टायटल (बोटीच्या मालकीचा आणि कर्जाचा उतारा) मागवा. बोट कोस्ट गार्डकडे डॉक्युमेंटेड (नोंदलेली) असेल तर वेस्ट व्हर्जिनियातल्या फॉलिंग वॉटर्सच्या नॅशनल व्हेसल डॉक्युमेंटेशन सेंटरकडून मिळतो. जुनं कर्ज फिटलं का ते त्यात दिसतं. पण यार्डाची, मरीनाची थकलेली बिलं त्यात दिसतीलच असं नाही, आणि ती मालकाला नाही, बोटीला चिकटतात. बोट जिथे जिथे उभी होती तिथून बाकी नसल्याचं लेखी घ्या. टायटल एजंट हे करून देतो.

कराचंही बघा. फ्लोरिडाचा विक्रीकर ६ टक्के आहे. परराज्यातल्या खरेदीदारानं नोंदणीकृत ब्रोकरमार्फत घेऊन ठरलेल्या मुदतीत, म्हणजे ९० दिवसांत, बोट बाहेर नेली तर तो लागत नाही. प्रतिज्ञापत्र व्यवहाराच्या वेळीच द्यायचं असतं. मग मेरीलँडचा ५ टक्के एक्साइज भरायचा.

खाडीवारा

टायटल एजंट आजच ठरवते. शेवटचा प्रश्न विम्याचा. आमचा सगळा अनुभव मोनोहलचा, तोही क्लबच्या बोटींवरचा. एका कंपनीनं सरळ नाही म्हटलं.

चांदणवेल

त्याला घाबरू नका, आमचंही असंच झालं होतं. स्वतः कंपन्यांना फोन करत बसू नका, फक्त बोटींचा विमा करणारा एजंट धरा. दोघांचाही अनुभव एका कागदावर मांडा, कुठल्या बोटी, किती लांबी, कुठलं पाणी, कुठली सर्टिफिकेटं. नव्या कॅटमरान मालकाला बहुतेक कंपन्या एकच अट घालतात, सुरुवातीला परवानाधारक कॅप्टन सोबत हवा, आणि त्यानं तुम्ही दोघं तयार आहात असं सही करून द्यायचं. ती अट आनंदानं घ्या. फोर्ट लॉडरडेलहून वर आणताना तोच कॅप्टन ठेवा, बोटही येईल आणि दोन इंजिनांवर मरीनात शिरायचं शिक्षणही होईल.

हरिकेन सीझन १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत. त्या काळात बोट कुठल्या अक्षांशाच्या वर असली पाहिजे ते पॉलिसीत लिहिलेलं असतं, ती ओळ सही करण्याआधी वाचा. आणि सर्व्हेयरनं अहवालात तातडीचे म्हणून जे दोष लिहिलेत ते पूर्ण केल्याचं पत्र कंपनी मागेल. यार्डाची बिलं जपून ठेवा, रिगिंगचं तर नक्कीच.